मामांच्या ट्रंकेत सही असलेलं पुस्तक निघालं, पहिली आवृत्ती आहे का कसं ओळखू?

चाफेकळी

नमस्कार मंडळी,

माझे मोठे मामा गेल्या वर्षी गेले. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. मामी आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. खोली रिकामी करताना पलंगाखालची पत्र्याची ट्रंक माझ्या वाट्याला आली, कारण घरात इंग्रजी रहस्यकथा वाचणारी मी एकटीच. मलाही ती गोडी मामांनीच लावली. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी पंख्याखाली पडून ते मला वाचून दाखवायचे आणि खुनी कोण हे मी सांगितल्याशिवाय शेवटचं प्रकरण उघडायचे नाहीत.

ट्रंकेत चाळीसेक पुस्तकं आहेत. बरीचशी पेंग्विन प्रकाशनाची हिरव्या कव्हरची, पानं सुटलेली. पण एक पुठ्ठाबांधणीचं आहे, अगाथा ख्रिस्तीचं '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन'. लाल पुठ्ठा, वर कागदी जॅकेट. जॅकेट पाठीच्या वरच्या टोकाला फाटलंय. आत पहिल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत मामांचं आडनाव, शुभेच्छांची एक ओळ आणि खाली बाईंची सही, 'अगाथा ख्रिस्ती' अशी. तारीख नाही. मामा १९५८ साली ट्रेनिंगसाठी सहा महिने इंग्लंडला गेले होते एवढं मला माहीत आहे. या पुस्तकाबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत.

माझे प्रश्न असे. ही पहिली आवृत्ती आहे का? सही खरी आहे का? मामांचं नाव घातलेलं असल्यामुळे किंमत कमी होते, असं एका ओळखीच्यांनी सांगितलं, ते खरं का? आणि ठाण्यातला एक बाइंडर म्हणाला, जॅकेट टाकून द्या, रेक्झिनमध्ये मस्त बांधून पाठीवर सोनेरी अक्षरात नाव टाकून देतो. करून घेऊ का?

मला विकायचं नाही. पण माझ्याकडे नेमकं काय आहे ते कळायला हवं.

जुळारी

चाफेकळीताई, आधी एकच विनंती. बाइंडरकडे जाऊ नका. पुस्तक आहे तसं स्वच्छ पांढऱ्या कागदात गुंडाळून आडवं ठेवा आणि मग माझं पुढचं वाचा.

मी गिरगावातल्या एका छापखान्यात अठ्ठावीस वर्षं होतो, पहिली बारा खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवण्यात आणि पुढची ऑफसेटवर. इंग्रजी डिटेक्टिव्ह पुस्तकं चाळीस वर्षं जमवतोय. सह्या असलेली माझ्याकडे दोनच आहेत, पण पहिल्या आवृत्त्या बऱ्यापैकी.

आपल्याकडे 'आवृत्ती' हा शब्द फार सैल वापरला जातो. मराठी प्रकाशक प्रत्येक छपाईला आवृत्ती म्हणतो, म्हणून एका अक्षराचाही बदल न होता पुस्तकाची अकरावी आवृत्ती निघते. इंग्रजी संग्राहक आवृत्ती आणि छपाई वेगळी धरतो. तीच जुळणी पुन्हा मशीनवर चढवली, तर आवृत्ती पहिलीच, पण छपाई दुसरी. त्याला हवी असते पहिल्या आवृत्तीची पहिली छपाई. त्यामुळे 'फर्स्ट एडिशन' एवढे दोन शब्द वाचून कुणी हुरळून जाऊ नये.

आता तुमची प्रत. शीर्षकपानावर तळाला कॉलिन्स, सेंट जेम्सेस प्लेस, लंडन असं आहे का पाहा. मग पान उलटा. मागे कॉपीराइटचं साल १९५७ हवं आणि पुन्हा छापल्याचा उल्लेख कुठेही नको. पाठीवर तळाशी क्राइम क्लबचं, म्हणजे कॉलिन्सच्या रहस्यकथांच्या मालिकेचं, नाव हवं. तिथे किंवा शीर्षकपानावर 'द बुक क्लब' आणि चेरिंग क्रॉस रोडचा पत्ता दिसला, तर ती सभासदांसाठी काढलेली स्वस्त प्रत. मजकूर तोच, पण संग्राहक तिला हात लावत नाही. शेवटी जॅकेटची पुढची आतली घडी उघडा. खालच्या कोपऱ्यात किंमत छापलेली असते, या पुस्तकाची साडेबारा शिलिंग, म्हणजे १२ शिलिंग ६ पेन्स. भेट देताना लोक तो कोपरा कात्रीने तिरका कापत. कापलेला असेल तर थोडं उणं, पण लबाडी नव्हे.

हा कोपरा मला फार महागात पडलाय. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून 'पहिली आवृत्ती, सहीसकट' असं लिहिलेली एक प्रत मागवली. फोटोत घडीचा खालचा भाग दाखवलाच नव्हता आणि मी विचारलं नाही. परदेशी छापील पुस्तकांवर २०१९च्या अर्थसंकल्पात ५ टक्के सीमाशुल्क लागलं होतं, तेही भरलं. पार्सल उघडलं तर घडी तळापासून बोटभर सरळ कापलेली आणि पाठीवर बुक क्लब. सही एका वेगळ्या चिठ्ठीवर होती आणि ती चिठ्ठी आत डकवलेली. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. त्यानंतर मी शीर्षकपान, त्याची मागची बाजू, पाठ आणि दोन्ही घड्या असे पाच फोटो आल्याशिवाय पैसे पाठवत नाही. तुम्ही पुढे कधी घ्यायला लागलात तर हे विसरू नका.

आता जॅकेट. तुमच्या बाइंडरचा हेतू चांगलाच असणार, आपल्याकडे पुस्तक जपायचं म्हणजे रेक्झिनमध्ये बांधायचं असंच शिकवलंय. पण या छंदात पुस्तकाइतकंच, जुन्या पुस्तकांच्या बाबतीत तर पुस्तकापेक्षा कित्येक पट, मोल जॅकेटला असतं. कारण साधं आहे. वाचनालयं ते काढून टाकत, घरातली माणसं फाटलं की फेकत. उरली ती मोजकी. फाटलेल्या जागी चिकटपट्टीसुद्धा लावू नका. मी बाविसाव्या वर्षी एका जॅकेटला आतून पारदर्शक पट्टी लावली होती. आज ती जागा चहाच्या डागासारखी पिवळी पडलीय आणि पट्टी सुटून पडली तरी तिचा गोंद कागदातून निघत नाही. त्या पुस्तकाकडे पाहिलं की आजही वाईट वाटतं.

सहीबद्दल रात्री सविस्तर लिहितो.

रात्रपाळी

मामांची ट्रंक वाचून डोळ्यांत पाणी आलं. जुळारीकाका, एक विचारू? बाबुराव अर्नाळकरांची पहिल्या छपाईची पुस्तकं कुणी जमवतं का? माझे वडील गिरणीत होते. रात्रपाळीहून येताना ते चाळीतल्या वाचनालयातून झुंजार नाहीतर काळा पहाड आणायचे.

जुळारी

रात्रपाळी, अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्या भाड्याने फिरल्या, हातोहात झिजल्या आणि शेवटी रद्दीत गेल्या. लोकांनी त्या खरोखर वाचल्या म्हणूनच त्या उरल्या नाहीत. वडिलांच्या वेळची एखादी घरात सापडली तर वाचनालयाच्या शिक्क्यासकट ठेवा, शिक्का खोडू नका. इंग्लंडातही मुडीसारख्या भाड्याच्या वाचनालयांची लेबलं अंगावर वागवणारी तीन-तीन खंडी पुस्तकं आज कपाटात मानाने उभी आहेत.

चाफेकळीताई, आता सही.

मामांचं नाव घातलंय म्हणून किंमत कमी होते, हे तुमच्या ओळखीच्यांनी शाळेच्या पुस्तकांच्या हिशेबाने सांगितलं. दुकानात रांग लावून शंभर प्रतींवर केलेली नुसती सही कुणासाठीही असू शकते. नाव घातलेली सही सांगते की हे पुस्तक अमक्या माणसासाठी होतं. तो माणूस होता, कुठे राहत होता, पुस्तक त्याच्याकडून कुणाकडे आलं, हे जर सांगता आलं तर सहीला आधार मिळतो. खोटी सही करणारा बहुतेकदा नाव घालत नाही, कारण नाव घातलं की चौकशी होऊ शकते.

घरच्या घरी काय तपासाल? उन्हात किंवा टॉर्च तिरका धरून भिंगातून सही बघा. पेनची शाई रेषेत सारखी नसते. जिथे निब टेकली, जिथे वळली, जिथे एक रेघ दुसरीवरून गेली, तिथे ती गडद होते, बाकी ठिकाणी फिकी. कागद जरा सच्छिद्र असला की शाई धाग्यांतून केसासारखी पसरते. छापलेली सही कडेला धारदार आणि सगळीकडे एकसारखी काळी दिसते, आणि खिळ्यांच्या छपाईतली असेल तर पानाच्या मागे बोट फिरवलं की उठाव लागतो. पान उलटून शाई मागे कुठे डोकावते का तेही पाहा. यावरून ती पेनने लिहिलेली आहे एवढं कळेल. कुणी लिहिली ते यावरून कळत नाही. त्यासाठी मामा कामाला येतील. ट्रंकेतले कागद एकही टाकू नका, पाकिटं, पासबुकं, पावत्या, काहीच नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण छापखान्यातला माणूस या छंदात का रमतो ते सांगतो. आम्ही ज्याला आयुष्यभर भ्यायलो तो मुद्राराक्षस, म्हणजे छपाईतली चूक, इथे पुस्तकाचा जन्मदाखला ठरतो. 'द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' लंडनच्या जॉर्ज न्यून्सने १८९२ साली काढलं. त्याच्या पहिल्या छपाईत ३१७व्या पानावर व्हायोलेट हंटर या बाईंचं नाव 'व्हायोलंट हंटर' असं छापलंय. बिचारी शिक्षिका, एका 'एन'च्या खिळ्याने तिला हिंस्र करून टाकलं. 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'च्या १९०२च्या पहिल्या छपाईत १३व्या पानावर तिसऱ्या ओळीत 'युअर'मधला 'आर' गळालाय. विल्की कॉलिन्सच्या 'मूनस्टोन'च्या १८६८च्या तीन खंडांतल्या दुसऱ्यात १२९व्या पानावर 'ट्रेचरसली'ची अक्षरं आपापसात जागा बदलून बसलीत. खिळ्यांच्या केसमध्ये हात घातलेल्या माणसाला ती चूक कशी झाली ते दिसतं. उभं राहून राहून पाय दुखतायत, दिव्याचा उजेड कमी आहे, बोटं सवयीने चालतायत, आणि एक खिळा चुकीच्या खणातून येतो. त्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. पण सव्वाशे वर्षांनी लिलावातला माणूस भिंग घेऊन आधी त्याचीच ओळ शोधतो.

१९८६ साली फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मला ते 'ॲडव्हेंचर्स' दिसलं होतं. मोठा आकार, फिका निळा कापडी पुठ्ठा, पानांच्या कडांना सोनेरी मुलामा. मुखपृष्ठावर लंडनचा रस्ता काढलेला आहे. पहिल्या छपाईत त्या चित्रातली रस्त्याच्या नावाची पाटी कोरी आहे. माझ्या प्रतीत पाटीवर अक्षरं आहेत, म्हणजे नंतरची. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. घेताना हात थरथरत होते ते पुस्तक जुनं म्हणून. पाटीचं चार वर्षांनी कळलं, तरी ती प्रत अजून माझ्या उशाच्या फळीवर आहे.

टेम्सकाठ

मी रेडिंगला राहते, म्हणजे पॅडिंग्टनहून सुटणाऱ्या गाड्यांच्या मार्गावरच. या पुस्तकाचं नाव धाग्यात वाचून उडालेच!

जुळारीकाकांच्या म्हणण्यात थोडी भर. अगाथाबाई इथून जवळच वॉलिंगफर्डला राहत, उन्हाळ्यात डेव्हनमधल्या ग्रीनवेला. ग्रीनवे आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिथल्या ग्रंथालयात भिंतीच्या वरच्या कडेला महायुद्धात राहून गेलेल्या अमेरिकन कोस्ट गार्डच्या एका अधिकाऱ्याने रंगवलेली चित्रपट्टी आहे आणि बाईंनी ती पुसू दिली नाही. स्वभावाने त्या फार बुजऱ्या. दुसरं लग्न पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी झालेलं, त्यामुळे जवळच्या माणसांना दिलेल्या प्रतींवर 'अगाथा मॅलोवन' अशीही सही सापडते. तुमच्या प्रतीवर ख्रिस्ती आहे म्हणजे ती वाचकाला दिलेली असणार, ओळखीतली नव्हे.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इथे जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांची एबीए ही संघटना १९०६ पासून आहे. तिच्या सभासदाने लिहिलेलं वर्णन चुकीचं निघालं तर जाब विचारायला जागा असते. आणि 'सही आहे म्हणजे पहिली आवृत्ती' हे समीकरण डोक्यातून काढा. कॉनन डॉयलच्या समग्र साहित्याचा २४ खंडांचा क्रोबरो संच १९३० साली अमेरिकेत निघाला, ७६० संच, प्रत्येकावर डॉयलची खरी सही. त्याच वर्षी जुलैमध्ये ते गेले. सही अस्सल, पण एकही खंड पहिली आवृत्ती नाही. उलट 'अ स्टडी इन स्कार्लेट' पहिल्यांदा आलं ते १८८७च्या एका नाताळ अंकात. लेखकाला त्याचे २५ पौंड मिळाले. त्या अंकाची एक प्रत २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात दीड लाख डॉलरच्या वर गेली.

बाईंच्या पहिल्या कादंबरीचं तर आणखीच वेगळं. ती आधी १९२०च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला निघाली आणि लंडनला १९२१च्या जानेवारीत. त्यामुळे खरी पहिली कुठली धरायची यावर इथले लोक तावातावाने भांडतात. माझं मत विचाराल तर तारीख आधीची ती पहिली.

माडबन

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे चार महिने भिंतीला हात लावला तर ओला होतो, त्यामुळे या बाबतीत अनुभव आहे.

ताई, पत्र्याच्या ट्रंकेत पुस्तक परत ठेवू नका. पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते, पत्र्याला घाम येतो आणि पानांवर तपकिरी ठिपके उठतात. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको. बाहेरच्या भिंतीला न टेकवलेल्या लाकडी कपाटात ठेवा, मागे चार बोटं जागा सोडा. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून फळीच्या कोपऱ्यात, पुस्तकाला न टेकता. डांबरगोळ्या कागदाजवळ नकोत. जॅकेटवर मायलरचं पारदर्शक आवरण घडी घालून बसवता येतं, त्याला डिंक लागत नाही. हिरव्या पेंग्विनांनाही हेच करा. आणि दसऱ्यानंतर कोरडी हवा पडली की एक-एक पुस्तक उघडून सावलीत पानं चाळा, उन्हात नको.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाइंडरला फोन करून 'नको' असं सांगितलं.

काल रात्री आईच्या पोथीचं भिंग घेऊन बसले. शीर्षकपानावर कॉलिन्स, सेंट जेम्सेस प्लेस. मागे १९५७, पुन्हा छापल्याचं काही नाही. पाठीवर क्राइम क्लब. घडीचा कोपरा शाबूत, १२ शिलिंग ६ पेन्स. सही बघताना तर श्वास रोखून धरला होता. 'सी' जिथे सुरू होतो तिथे शाईचा छोटा थेंब साचल्यासारखा गडद आहे, आणि पानाच्या मागे तेवढाच एक निळा ठिपका दिसतो.

आणि जुळारीकाका, तुम्ही कागद टाकू नका म्हणालात ते किती बरं झालं! ट्रंकेच्या तळाला वर्तमानपत्राखाली एक लांबट वही होती. मी ती हिशेबाची समजून रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली होती. मामांनी घरीसुद्धा ऑफिससारखं आवक-जावक ठेवलं होतं! डावीकडे जावक, उजवीकडे आवक, लाल शाईने आखलेलं. मामीच्या माहेरच्या पत्रांनाही क्रमांक आहेत. १९६१च्या मार्चमध्ये जावक क्रमांक ४१ असा आहे: पुस्तक एक, लेखिकेस, मे. कॉलिन्स, लंडन यांच्यामार्फत, रजिस्टर टपालाने, सोबत पत्र. त्याच ओळीत समोर जुलैची तारीख आणि मामांच्या बारीक अक्षरात दोन शब्द: 'पुस्तक परत.' त्याखाली त्यांनी एक सरळ रेघ मारलीय. बाकी कुठल्याच नोंदीखाली अशी रेघ नाही.

मी तिथेच बसून रडले. आईला दाखवलं तर म्हणाली, तेव्हा मामीचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि दादा महिनाभर कुणाशी बोलत नव्हता.

जुळारी

ताई, त्या वहीइतका सज्जड पुरावा मी माझ्या चाळीस वर्षांत एकाही सहीमागे पाहिलेला नाही. मामांनी स्वतः, त्या वेळी, कुणाला दाखवायचं नसताना लिहून ठेवलेला कागद. वही आणि पुस्तक एका फळीवर ठेवा, कधीही वेगळं करू नका. ४१ क्रमांकाच्या पानाचा फोटो काढून त्याच्या दोन प्रती घरातल्या दोघांकडे द्या. एका कागदावर तुम्ही आज इथे लिहिलंत ते सगळं, मामांचं पूर्ण नाव, परळ, इंग्लंडचं साल, ट्रंक तुमच्याकडे कशी आली, साध्या शब्दांत लिहा, खाली तारीख घाला आणि सही करा. पुस्तकावर पेन्सिलीनेसुद्धा काहीही लिहू नका. परीक्षकाचं मत हवं असेल तर पुस्तक पाठवू नका, आधी फोटो पाठवा.

आणि वही पूर्ण वाचा. ज्या माणसाने एक पुस्तक पाठवलं त्याने एकच पाठवलं असेल असं मला वाटत नाही.

चाफेकळी

वाचली, आत्ताच. जावक क्रमांक ५८ आणि ६३. दोन्ही पुस्तकं, दोन्ही लंडनला, १९६२. ५८च्या समोर आवकची जागा कोरी आहे. ६३च्या समोर तारीख आहे.

हिरव्या पेंग्विनांपैकी अजून सव्वीस मी उघडून पाहिलेली नाहीत. आता बसते.